प्रार्थना, नम्रता आणि देवावरची भिस्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रार्थनेबद्दल येणारे प्रश्न वरवर फार वेगवेगळे दिसतात. कोणी विचारते, गुडघे टेकायचे की उभे राहायचे. कोणी विचारते, इतकी वर्षे मागूनही उत्तर का नाही. पण थोडे खोदले की बहुतेकांच्या तळाशी एकच शंका सापडते: देवापुढे मी नेमके कोण म्हणून उभे राहायचे? ज्या प्रश्नांची उत्तरे मला पुन्हा पुन्हा लिहावी लागली, ते इथे एकत्र केले आहेत. बायबलमधले संदर्भ कंसात आहेत. ते स्वतः उघडून वाचावेत, माझ्या शब्दावर जाऊ नये.

१. प्रार्थनेत नम्र असणे म्हणजे काय? मी वाईट आहे, नालायक आहे, असे म्हणत राहायचे का?

नाही. या गैरसमजाने अनेकांची प्रार्थना कोमेजून गेलेली मी पाहिली आहे, म्हणून सुरुवात इथूनच.

येशूने सांगितलेला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी) आणि जकातदार (रोमी सत्तेसाठी कर गोळा करणारा, म्हणून लोकांच्या नजरेत पापी) यांचा दाखला घ्या (लूक १८:९-१४). दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दशांश देतो. तो खोटे बोलत होता असे दाखल्यात कुठेही म्हटलेले नाही. उलट तो सुरुवातच देवाचे आभार मानून करतो. मग बिनसले कुठे? त्याची प्रार्थना पुन्हा वाचा. तिच्यात एकही मागणे नाही. त्याला देवाकडून काही नकोच आहे. त्याला हिशेब ऐकवायचा आहे, आणि तोही शेजाऱ्याशी तुलना करून. जकातदार दूर उभा राहतो, ऊर बडवतो आणि एवढेच म्हणतो, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ तो पापांची यादी वाचत नाही, आपण किती नीच आहोत हे रंगवून सांगत नाही. तो मागतो.

मला नम्रतेचा गाभा इथे दिसतो: रिकामे हात पुढे करणे. स्वतःला सतत कोसत राहणाऱ्याची नजरही स्वतःवरच खिळलेली असते, गर्विष्ठाची असते तशीच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. येशू स्वतःला ‘मनाचा सौम्य व लीन’ म्हणवतो (मत्तय ११:२९), आणि तो तर निष्पाप होता (इब्री ४:१५). म्हणजे लीनता आणि अपराधीपणा या एक गोष्टी असूच शकत नाहीत. ज्याच्याकडे कबूल करण्यासारखे एकही पाप नव्हते, तोही रात्र रात्र पित्याकडे प्रार्थना करत होता (लूक ६:१२).

२. नम्रता आणि देवावर भिस्त ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

पेत्राच्या पहिल्या पत्रात त्या एकाच वाक्यात आहेत. ‘देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा’ (५:६) ही आज्ञा आणि ‘आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका’ (५:७) हे वचन आपण सहसा सुटे सुटे वाचतो, सुटे सुटे पाठ करतो. मूळ ग्रीकमध्ये मात्र दुसरे वचन पहिल्याला जोडूनच येते: आपली चिंता त्याच्यावर टाकत लीन व्हा. चिंता टाकणे ही लीन होण्याची रीतच झाली.

हे मला कळले तेव्हा माझ्या रात्रीच्या जागरणांचा अर्थ बदलला. मी काळजीला जबाबदारी समजत होते. प्रत्यक्षात, सगळे माझ्यावाचून अडेल असे मी धरून चालले होते.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीस याच मुद्द्यावर मोठा वाद झाला. उत्तर आफ्रिकेतले बिशप ऑगस्टीन देवाला म्हणत: तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळ दे, आणि मग तुला हवी ती आज्ञा कर. पेलाजियस या शिक्षकाला हे मुळीच रुचले नाही. माणसाला इच्छाशक्ती दिली आहे, त्याने ती वापरून चांगले वागावे, असे त्याचे म्हणणे. ऑगस्टीन यांनी उलट विचारले की सगळे आपल्याच बळावर जमणार असेल, तर येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘आम्हांस परीक्षेत आणू नको’ असे आपण रोज मागतो ते कशासाठी? इ.स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची शिकवण नाकारली. योहान १५:५ मध्ये येशूने द्राक्षवेल आणि फाटे यांच्या चित्रातून तेच सांगितले आहे: माझ्यापासून वेगळे राहून तुम्हांला काहीच करता येत नाही.

३. देवाला सगळे आधीच ठाऊक आहे. मग मागायचे कशाला?

येशूने हे दोन्ही लागोपाठ सांगितले आहे. तुम्ही मागण्यापूर्वीच तुमची गरज पित्याला ठाऊक आहे (मत्तय ६:८), आणि ‘म्हणून तुम्ही या प्रकारे प्रार्थना करा’ (६:९). आपल्याला जिथे ‘तरीही’ हवासा वाटतो, तिथे तो ‘म्हणून’ म्हणतो.

पित्याला ठाऊक आहे म्हणूनच मागणे सोपे होते. पटवून द्यावे लागत नाही, बाजू मांडावी लागत नाही. ऑगस्टीन यांनी प्रोबा नावाच्या विधवेला प्रार्थनेविषयी लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न घेतला होता. देवाला माहिती पुरवण्यासाठी आपण मागत नाही; मागता मागता आपली ओढ वाढते, आणि देव जे द्यायला तयार आहे ते घेण्याइतकी जागा आपल्यात होते, असे त्यांचे उत्तर.

४. देवाला ‘तू’ म्हणणे उद्धटपणाचे नाही का? मोठ्या माणसांना तर आपण ‘तुम्ही’ म्हणतो.

मराठीत ‘तू’ दोन ठिकाणी येते: जिथे मान नाही तिथे, आणि जिथे अंतर नाही तिथे. आईला ‘तू’ म्हणताना तिचा मान कमी होत नाही. मराठी बायबलमधली प्रार्थना ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ अशी आहे, ती या दुसऱ्या अर्थाने.

अटकेच्या रात्री येशूने गेथशेमाने बागेत पित्याला ‘अब्बा’ म्हटले (मार्क १४:३६). हा घरातला अरामी शब्द आहे, आणि प्रेषित पौल सांगतो की तोच शब्द पवित्र आत्मा आपल्याही तोंडी घालतो (रोम ८:१५). पण प्रभूच्या प्रार्थनेचा क्रमही पाहा. ‘आमच्या पित्या’ म्हटल्यावर लगेच ‘स्वर्गातील’ येते, आणि मग पहिले मागणे त्याच्या नावाच्या पावित्र्याचे. मुलासारखे बिलगायचे, आणि आपण कोणाला बिलगलो आहोत हे विसरायचे नाही. सदोम शहर वाचावे म्हणून अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो, तिथे किती नीतिमान असले तर पुरे यावर पन्नासांवरून दहांवर येतो, पण मध्येच म्हणतो की मी केवळ धूळ व राख आहे (उत्पत्ति १८:२७). सलगी आणि आदर दोन्ही त्या एकाच संवादात आहेत.

५. गुडघे टेकलेच पाहिजेत का? मला सांधेदुखी आहे, जमत नाही.

नाही टेकले तरी चालते. पौलाने गुडघे टेकले (प्रेषित २०:३६), दावीद परमेश्वरापुढे बसला (२ शमुवेल ७:१८), आणि ‘तुम्ही प्रार्थना करताना उभे राहता तेव्हा’ असे येशू सहज बोलून गेला (मार्क ११:२५). इ.स. ३२५ च्या निकियाच्या धर्मसभेने तर रविवारी आणि पुनरुत्थानाच्या सणापासून पन्नासाव्या दिवसापर्यंत उभे राहूनच प्रार्थना करावी असा नियम केला होता, कारण ते दिवस आनंदाचे.

शरीराची ढब मनाला मदत करते हे खरे. ज्यांना वाकता येते त्यांनी अधूनमधून वाकून पाहावे. ज्यांना येत नाही, त्यांनी अंथरुणात पडून केलेली प्रार्थना तसूभरही कमी नाही.

६. मला शब्द सुचत नाहीत. चारचौघांत प्रार्थना करायला सांगितले की घाम फुटतो. माझ्यात काही कमी आहे का?

कमी नाही. शब्दांची रेलचेल असणाऱ्यांना येशूने सावध केले आहे, अडखळणाऱ्यांना कधीच नाही (मत्तय ६:७). कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असे पौल लिहितो (रोम ८:२६). आणि हे लिहिणारा पौल म्हणजे शब्दांचा धनी. तोही तिथे ‘आपल्याला’ म्हणतो, ‘तुम्हांला’ म्हणत नाही.

हन्नेची गोष्ट मला फार जवळची. मूल व्हावे म्हणून ती मंदिरात रडत होती, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. एली याजकाला वाटले बाई प्यायली आहे (१ शमुवेल १:१२-१४). देवाच्या माणसालाही जी प्रार्थना ओळखू आली नाही, ती देवाने ऐकली.

तुम्हांला काही तयार शब्द हवे असतील तर ते जरूर वापरा. बायबलमधली स्तोत्रे त्यासाठीच आहेत. पूर्वेकडच्या मंडळ्यांत शतकानुशतके चालत आलेली एक छोटी प्रार्थना आहे: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ श्वासाबरोबर म्हणता येते. तिचा शेवट जकातदाराच्या त्या हाकेशी मिळताजुळता आहे. सहाव्या शतकात बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्यांत नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या. आणि प्रार्थनेविषयी मात्र सांगितले की ती थोडक्यात आणि निर्मळ असावी.

चारचौघांतल्या प्रार्थनेबद्दल अनुभवाचे एक सांगते. पुष्कळ वर्षे मी सभेत प्रार्थना करण्याआधी मनात वाक्ये घडवत असे. एकदा प्रार्थना संपल्यावर लक्षात आले की एखादे वाक्य चांगले जमले की मी स्वतःच ते ऐकत थांबत होते. त्या दिवसापासून मी लहान वाक्ये बोलते, आणि अडखळले तर अडखळू देते.

७. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागणे हा हट्ट नाही का? नम्र माणसाने एकदा मागून गप्प बसावे ना?

लूकच्या अठराव्या अध्यायात जकातदाराच्या दाखल्याच्या अगदी आधी कोणता दाखला आहे पाहा: अन्यायी न्यायाधीशाच्या मागे लागलेल्या विधवेचा (१८:१-८). ती येत राहते, येत राहते, शेवटी तो न्यायाधीश वैतागून तिला न्याय देतो. खचून न जाता सर्वदा प्रार्थना करावी म्हणून येशूने तो दाखला दिला असे लूक लिहितो. हे दोन दाखले शेजारी ठेवण्यात मला मोठा अर्थ वाटतो. एक जण मान वर करत नाही, दुसरी दार सोडत नाही. दोघांकडेही दुसरा कसलाच आधार नाही. त्या काळच्या समाजात विधवेच्या पाठीशी ना पैसा, ना वजन. तिच्याजवळ होते ते फक्त मागणे. तिची चिकाटी तिच्या निराधारपणातूनच आली.

मध्यरात्री भाकरी मागायला आलेल्या मित्राच्या दाखल्यात (लूक ११:५-८) जिथे मराठीत ‘आग्रह’ असा शब्द येतो, तिथला ग्रीक शब्द याहून धीट आहे. त्याचा सरळ अर्थ निलाजरेपणा. कनानी बाईने तर येशूच्या नकारातलाच ‘कुत्री’ हा शब्द उचलून त्याला उत्तर दिले, आणि त्याने तिचा विश्वास मोठा म्हटला (मत्तय १५:२१-२८). खुद्द येशूने गेथशेमानेत तेच शब्द तीनदा उच्चारले (मत्तय २६:४४).

मग मागणे कधी थांबवायचे? पौलाने आपल्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ असे उत्तर मिळाल्यावर तो थांबला (२ करिंथ १२:८-९). उत्तर मिळेपर्यंत मागत राहणे आणि उत्तर मिळाल्यावर ते झिडकारणे यांत फरक आहे. हट्ट म्हणायचा तर त्या झिडकारण्याला म्हणावा. उत्तर ‘नाही’ असेल तर काय, याबद्दल प्रश्न ९ पाहा.

८. ‘तुझी इच्छा असेल तर’ असे प्रत्येक प्रार्थनेला जोडावे का? काही जण म्हणतात, तसे म्हटले की विश्वास कमी पडतो.

विश्वास कमी पडत असता तर येशूने ते म्हटले नसते. पण त्याने ते कुठे म्हटले तो क्रम महत्त्वाचा आहे (मार्क १४:३६). आधी ‘अब्बा’. मग ‘तुला सर्व शक्य आहे’. मग स्पष्ट मागणे: हा प्याला (म्हणजे समोर आलेले दुःख आणि मरण) माझ्यापासून दूर कर. आणि त्यानंतर, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.

आपण पुष्कळदा मधले मागणे गाळून एकदम शेवटावर येतो. ‘देवा, तुला योग्य वाटेल ते कर’ हे ऐकायला फार नम्र वाटते, पण कधी कधी ती आशेची भीती असते. काही नेमके मागितलेच नाही, तर नकाराचे दुःख नाही. मी अशा प्रार्थना केल्या आहेत. त्यात शरणागती नव्हती, आधीच हार मानणे होते. ज्याला प्याला नको होता त्यानेच तो देवाच्या हाती सोपवला, म्हणून ते सोपवणे खरे होते.

म्हणून आधी मागा, नाव घेऊन मागा. मग मूठ उघडा. तो कुष्ठरोगी म्हणाला होता, तुझी इच्छा असली तर मला शुद्ध करायला तू समर्थ आहेस (मार्क १:४०). येशूने त्याला विश्वास कमी असल्याचा बोल लावला नाही. ‘माझी इच्छा आहे,’ म्हणाला.

९. ठाम विश्वासाने मागितले तर मिळालेच पाहिजे असे शिकवतात. मला मिळाले नाही. म्हणजे माझाच विश्वास कमी होता का?

असे कोणी आजारी माणसाला किंवा शोकात असलेल्याला सांगितले असेल, तर त्याच्या जखमेवर मीठ चोळले. हे मी पूर्ण गांभीर्याने लिहिते आहे.

मार्क ११:२४ सारखी वचने आहेत आणि ती सौम्य करून टाकण्याची मला घाई नाही. येशूने आपल्याला मोठे मागायला शिकवले. पण त्याच नव्या करारात पौल आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी सोडून पुढे जातो (२ तीमथ्य ४:२०), आणि आपला तरुण सहकारी तीमथ्य याला वरचेवर होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीमथ्य ५:२३). याच पौलाच्या हातून देवाने आजारी बरे केले होते. त्याने त्रफिमाच्या विश्वासात खोट काढली नाही.

विश्वास म्हणजे देवाला बांधून टाकणारी किल्ली नव्हे. ‘त्याच्या इच्छेप्रमाणे मागितले तर तो ऐकतो’ असे योहान लिहितो (१ योहान ५:१४). आणि विश्वासाचे माप म्हणाल, तर मुलासाठी धावत आलेल्या त्या बापाचे शब्द आठवा: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका (मार्क ९:२४). अर्ध्या विश्वासाची ती प्रार्थना येशूने परत पाठवली नाही. त्या बापाने आपल्या विश्वासावरही भिस्त ठेवली नव्हती. विश्वाससुद्धा त्याने मागूनच घेतला.

तुमच्या मागण्याला ‘नाही’ का आले, हे मला सांगता येणार नाही, आणि जो ठामपणे सांगतो त्याच्यापासून जपून राहा. पौलाला निदान कारण कळले. कारण नसताना सर्वस्व गमावलेल्या ईयोबाला शेवटपर्यंत कळले नाही. त्याला देव भेटला.

१०. देवावर भार टाकला तर मग औषध घेणे, डॉक्टरांकडे जाणे, पैसे साठवणे हा अविश्वास ठरतो का?

नाही. औषध बंद करून ‘विश्वासाने’ राहणाऱ्यांची पत्रे येतात तेव्हा मला झोप लागत नाही, म्हणून सरळ सांगते: चालू असलेले उपचार प्रार्थनेच्या नावाखाली थांबवू नका.

हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. त्याने रडून प्रार्थना केली, देवाने त्याला पंधरा वर्षांचे आयुष्य वाढवून दिले, आणि त्यानंतर यशया संदेष्ट्याने काय सांगितले? गळवावर अंजिरांचा लेप बांधा (यशया ३८:१-५, २१). देवाचे वचन मिळाले होते, तरी लेप लागलाच. नहेम्याने यरुशलेमेचा कोट बांधताना देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला (नहेम्या ४:९). उलट मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, ही सूचना सैतानाची होती, आणि येशूने तिला देवाची परीक्षा पाहणे म्हटले (मत्तय ४:५-७).

एक अपवादासारखे दिसणारे वचन लोक मला हमखास पाठवतात: आसा राजाला पायाचा रोग झाला आणि तो परमेश्वराला शरण न जाता वैद्यांना शरण गेला (२ इतिहास १६:१२). वाक्य नीट वाचा. दोष वैद्यांकडे जाण्याला दिलेला नाही, परमेश्वराला वगळण्याला दिला आहे. त्याच अध्यायात आसाने युद्धातही देवाला सोडून अरामाच्या राजाची मदत विकत घेतली होती. सवय जुनीच होती.

जॉर्ज म्यूलर यांनी १८३६ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये अनाथ मुलांसाठी घर सुरू केले. माणसांकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त देवाकडे मागायचे, अशी त्यांची रीत होती. ती गोष्ट सगळे सांगतात. कमी सांगितले जाते ते हे की आलेल्या पैशाचा हिशेब ते काटेकोर ठेवत आणि दर वर्षी छापून प्रसिद्ध करत. देवावर विसंबलेला माणूस अजागळ असावा लागत नाही.

११. तेच पाप मी पुन्हा पुन्हा करतो. आता कोणत्या तोंडाने प्रार्थना करू?

त्याच तोंडाने. दुसरे कुठून आणणार?

थोडा सुधारलो की मग येईन, असे आपल्याला वाटते, आणि ते नम्रतेसारखे दिसते. पण त्यात एक छुपी अट असते: देवापुढे मी काहीतरी घेऊनच जाणार. हाच परूशाचा मार्ग (प्रश्न १). इब्रीच्या पत्रात ‘धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ’ असे म्हटले आहे, आणि तेही दया मिळावी म्हणून (४:१६). दया तर तिची गरज असणाऱ्यांनीच मागायची.

येशूच्या दाखल्यातल्या, बापाची मालमत्ता उडवून आलेल्या उधळ्या मुलाने घरी येताना बोलायचे वाक्य तयार केले होते: मी पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एका चाकरासारखे ठेवा (लूक १५:१८-१९). घरी पोहोचल्यावर तो पहिला भाग बोलतो (१५:२१). चाकराचा भाग राहूनच जातो. बाप मध्येच झगा आणायला सांगतो. मुलाने आपल्यासाठी ठरवलेली जागा बापाला मान्य नव्हती, आणि ती सोडून मुलाचीच जागा पुन्हा घेणे, हे त्या दिवशी त्या मुलाला सर्वांत अवघड गेले असेल असे मला नेहमी वाटते.

पाप सोडण्यासाठी मदतही मागा. विश्वासू माणसाजवळ ते बोला (याकोब ५:१६). एकट्याने लढण्याचा निश्चय हाही कधी कधी अभिमानच असतो.

१२. मला देवाचा राग येतो. तक्रार केली तर नम्रता संपली का?

स्तोत्रांचा मोठा भाग तक्रारींचाच आहे. ‘परमेश्वरा, कोठवर?’ अशी तेराव्या स्तोत्राची सुरुवात आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळही नाही. तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले गेले. वधस्तंभावर येशूने बावीसाव्या स्तोत्राचे शब्द घेतले: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? (मार्क १५:३४).

देवाविषयी पाठीमागे कुरकुरणे वेगळे आणि देवापाशी गाऱ्हाणे घालणे वेगळे. दुसऱ्यात अजून नाते आहे. ईयोब देवावर ओरडला, त्याच्या मित्रांनी देवाची बाजू मोठ्या सभ्यपणे मांडली. शेवटी देव म्हणाला, माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब (ईयोब ४२:७).

१३. घरात मला मारहाण होते. सल्ला देणारे म्हणतात, नम्र राहा, सहन कर, प्रार्थना कर. हेच देवाला हवे आहे का?

नाही. कृपया हे उत्तर शेवटपर्यंत वाचा.

देवापुढे लीन होणे म्हणजे छळणाऱ्यापुढे गप्प राहणे नव्हे. प्रश्न ७ मधली विधवा काय मागत होती? ‘माझ्या प्रतिवादीविरुद्ध मला न्याय द्या.’ येशूने तिलाच प्रार्थनेचा आदर्श केले. शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद खिडकीतून उतरून पळाला (१ शमुवेल १९:१०-१२), आणि त्यासाठी त्याला कोणी अविश्वासू म्हटले नाही. पौलाला फटके मारायला बांधले तेव्हा त्याने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले (प्रेषित २२:२५), पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली (२५:११). कायद्याचा आधार घेणे नम्रतेविरुद्ध असते तर पौलाने तो घेतला नसता.

आधी सुरक्षित जागी जा. विश्वासाच्या माणसाला सांगा, पोलिसांत सांगा, डॉक्टरांना जखमा दाखवा. प्रार्थना तिथूनही करता येते. क्षमा हा वेगळा आणि लांबचा प्रवास आहे. त्यासाठी मारहाण होणाऱ्या घरात राहावे लागत नाही.

१४. इतरांना ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणणे योग्य का? आणि संतांकडे मध्यस्थी मागणे?

पहिले अगदी योग्य. पौल आपल्या पत्रांतून पुन्हा पुन्हा तसे विनवतो (रोम १५:३०, इफिस ६:१९). दुसऱ्याच्या प्रार्थनेची गरज मान्य करणे हाच एक लीनपणा आहे, आणि पुढारी म्हणवणाऱ्यांना तो अवघड जातो.

संतांच्या मध्यस्थीबाबत मंडळ्यांत मतभेद आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत मरिया व संतांना आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती करतात. प्रॉटेस्टंट मंडळ्या ‘एकच मध्यस्थ’ या वचनावर (१ तीमथ्य २:५) बोट ठेवून तसे करत नाहीत. दोन्हीकडे शेवटी देणारा देवच आहे हे मान्य आहे. हा वाद इथे सोडवायचा माझा विचार नाही.

१५. आज रात्री सुरुवात करायची आहे. नेमके काय म्हणू?

यहोशाफाट राजावर मोठे सैन्य चालून आले तेव्हा त्याने सगळ्या लोकांसमोर, बायकामुलांसमोर उभे राहून जे म्हटले ते घ्या: आमच्यात सामर्थ्य नाही, काय करावे ते आम्हांला सुचत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत (२ इतिहास २०:१२). राजाने प्रजेसमोर ‘सुचत नाही’ म्हणणे सोपे नव्हते.

त्यानंतर तुमच्या मनावर जे सर्वांत जड आहे त्याचे नाव घ्या. एकच गोष्ट. आजाराचे नाव, माणसाचे नाव, कर्जाचा आकडा. ‘रोजची भाकर आज आम्हांस दे’ यात फक्त आजचे मागणे आहे. रानात देवाने इस्राएल लोकांना पुरवलेले अन्न, मान्ना, तोही एका दिवसापुरताच गोळा करायचा होता, उरवून ठेवला की त्यात किडे पडत (निर्गम १६:२०). मग शांत बसा. एकशे एकतिसाव्या स्तोत्रात दूध तुटलेल्या मुलाचे चित्र आहे. ते आता दुधासाठी रडत नाही, आईच्या कुशीत नुसते टेकून असते. दोन मिनिटे तसे बसता आले तर बसा. झोप लागली तर लागू द्या.